यादीबाहेर राहिलेले

वैद्यकीय संशोधनात काय छापून आले आहे हे शोधायचे असेल, तर जगभरातले डॉक्टर, विद्यार्थी आणि आता रुग्णांचे नातेवाईकही पबमेडकडे वळतात. अमेरिकेत बेथेस्डा येथे असलेले राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालय हा शोधकोश चालवते. त्यात साडेतीन कोटींहून अधिक लेखांच्या नोंदी आहेत आणि दरवर्षी दहा लाखांहून जास्त नव्या नोंदींची भर पडते. मधुमेहासारखा एखादा शब्द इंग्रजीत टाकला की लाखोंचा आकडा समोर येतो, पडद्यावर मात्र पहिल्या दहाच नोंदी दिसतात. त्या दहांच्या पुढे जायचे का, क्रम कोणता लावायचा, काय गाळायचे आणि काय जपून ठेवायचे, हे काम बहुतेक ठिकाणी कारकुनी समजले जाते. प्रबंध सादर करायची तारीख जवळ आली की ते एका रात्रीत उरकले जाते. माझे म्हणणे असे आहे की औषध कुणाला द्यावे, चाचणी करावी की नाही, असे काही गंभीर निर्णय याच टप्प्यावर कुणाच्या लक्षात न येता होऊन जातात. रक्ताच्या तपासणीची पद्धत आणि तारीख जशी अहवालावर लिहिलेली असते, तशी शोधाचीही लिहिलेली असली पाहिजे. ती नसेल तर त्या शोधावर उभा असलेला निष्कर्ष तपासता येत नाही, आणि जे तपासता येत नाही त्याला विज्ञानात पुरावा म्हणत नाहीत.

ही व्यवस्था आली कुठून, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. अमेरिकी लष्करातले शल्यविशारद जॉन शॉ बिलिंग्ज यांनी १८७९ साली 'इंडेक्स मेडिकस' ही वैद्यकीय लेखांची छापील सूची सुरू केली. १९६४ मध्ये ती संगणकावर गेली, १९७१ मध्ये दूरध्वनीच्या तारांवरून तिच्यात शोध घेण्याची सोय झाली आणि १९९७ पासून पबमेडच्या रूपाने ती सर्वांना विनामूल्य खुली झाली. पबमेडमध्ये प्रामुख्याने नोंदी असतात, म्हणजे लेखाचे शीर्षक, लेखक, नियतकालिक आणि बहुधा सारांश. पूर्ण लेख वाचायला दुसरीकडे जावे लागते. यातल्या बऱ्याच नोंदींना ग्रंथालयाच्या ठरावीक विषयसूचीतली लेबले लावलेली असतात. सुमारे तीस हजार विषयांच्या या सूचीला 'मेश' म्हणतात. अनेक दशके प्रशिक्षित माणसे लेख पाहून ही लेबले लावत असत. २०२२ पासून हे काम मुख्यतः यंत्र करते आणि माणसे त्यावर नजर ठेवतात. लेबले कशी लागतात, हे एखाद्याला ग्रंथपालांपुरते वाटेल. पण शोधात काय हाती लागते आणि काय निसटते, हे बऱ्याच अंशी त्यावरच ठरते.

निसटलेल्या नोंदीची किंमत काय असू शकते, हे २००१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दिसले. निरोगी माणसाच्या श्वासनलिका कशामुळे उघड्या राहतात, हे समजून घेण्यासाठी तिथे दम्यासंबंधी एक प्रयोग चालू होता आणि त्यात स्वयंसेवकांना हेक्सामेथोनियम हे औषध श्वासावाटे दिले जात होते. हे औषध एकेकाळी उच्च रक्तदाबावर वापरले जाई, पुढे ते मागे पडले. २४ वर्षांच्या एका निरोगी स्वयंसेविकेच्या फुप्फुसांना गंभीर इजा झाली आणि २ जून रोजी ती मरण पावली. संशोधकांनी पबमेडमध्ये शोध घेतला होता. पण त्या वेळी तिथल्या नोंदी साधारण १९६६ पासून पुढच्याच होत्या, आणि या औषधाने फुप्फुसांना होणाऱ्या इजेचे वृत्तांत छापले गेले होते १९५० च्या दशकात. जुन्या छापील सूचीत ते सापडण्यासारखे होते. पुढे अमेरिकी सरकारने त्या विद्यापीठातले सरकारी निधीवरचे जवळपास सर्व मानवी प्रयोग काही काळ थांबवले. शोधातली उणीव हेच त्या मृत्यूचे एकमेव कारण होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. आधीच्या एका स्वयंसेवकाला झालेला त्रास वेळेत कळवला गेला नव्हता आणि संमतिपत्रातही दोष होते. तरीही 'हा शोध १९६६ नंतरच्या नोंदींपुरता आहे' एवढे एक वाक्य प्रयोगाच्या प्रस्तावात ठळकपणे असते, तर तो वाचणाऱ्या समितीतल्या कुणाला तरी 'मग त्याआधीचे काय?' हा प्रश्न पडायला जागा राहिली असती. पबमेडमध्ये आता १९४० च्या दशकापर्यंतच्या पुष्कळ जुन्या नोंदी आल्या आहेत. पण सीमा मागे सरकली म्हणून ती नाहीशी झालेली नाही.

सापडले ते पुरेसे आहे, अशी खात्री माणसाला फार लवकर वाटू लागते, हे या विषयातले सर्वांत अवघड सत्य आहे. डेव्हिड ब्लेअर आणि एम. ई. मॅरन यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास वैद्यकातला नाही, पण तो इथे आठवतोच. सॅन फ्रान्सिस्को भागातल्या लोहमार्गाशी संबंधित एका खटल्याची सुमारे ४०,००० कागदपत्रे संगणकावर घातली होती. आपल्या कामाची निदान पाऊणभाग कागदपत्रे शोधात मिळाली पाहिजेत, अशी वकिलांची अट होती, आणि ती मिळाली आहेत या समजुतीने त्यांनी शोध थांबवला. प्रत्यक्षात मिळाली होती सुमारे वीस टक्के. वकील निष्काळजी नव्हते. मिळालेली कागदपत्रे कामाची होती, म्हणूनच न मिळालेल्यांची त्यांना शंका आली नाही. वैद्यकात हेच १९९४ साली के डिकरसिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये दाखवून दिले. ज्ञात असलेल्या नियंत्रित चाचण्यांपैकी सुमारे निम्म्याच राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या शोधकोशातून हाती लागत होत्या. बऱ्याच चाचण्यांच्या नोंदी कोशात होत्या, पण त्या चाचण्या आहेत असे लेबल त्यांच्यावर नव्हते. म्हणून कोक्रेन या आंतरराष्ट्रीय गटाच्या कार्यकर्त्यांनी नियतकालिकांचे जुने अंक पानोपानी चाळले आणि ग्रंथालयाने त्या नोंदींवर नव्याने लेबले लावली. हे काम न केलेल्या जगात आपण आजही अर्ध्या पुराव्यावर समाधान मानत राहिलो असतो.

महाराष्ट्राला जवळचे उदाहरण लाल विंचवाचे आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातल्या विंचूदंशाच्या रुग्णांवर अभ्यास करून १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये निरीक्षणे मांडली. रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध या दंशात जीव वाचवू शकते, हे त्यांच्या पुढच्या कामातून जगासमोर आले. प्राझोसिनच्या जोडीला विंचूदंशाची प्रतिलस दिली तर रुग्ण अधिक लवकर बरा होतो, असे दाखवणारी त्यांची चाचणी २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने छापली. आता एखाद्या तरुण डॉक्टरला या विंचवाविषयीचे सगळे संशोधन गोळा करायचे आहे असे समजा. त्या विंचवाचे शास्त्रीय नाव जुन्या लेखांत ब्युथस टॅम्युलस आहे, नंतरच्या लेखांत मेसोब्युथस टॅम्युलस आणि अलीकडे हॉटेन्टोटा टॅम्युलस. आजचे नाव तेवढे टाकले तर बरेचसे पायाभूत काम यादीबाहेर राहण्याचा धोका आहे, आणि यादी मात्र भरलेलीच दिसेल. साधे रोजचे शब्द टाकले तर पबमेड स्वतःहून त्यांना जवळच्या मेश-विषयाशी जोडून शोध रुंद करते. तेच शब्द अवतरणचिन्हांत टाकले की ही जोडणी बंद होते. नेमकेपणा यावा म्हणून अवतरणचिन्हे घालणाऱ्याला आपण मागे काय सोडून आलो, याचा पत्ता लागत नाही. 'किंवा' आणि 'आणि' या अर्थाचे जोडशब्द कंसांशिवाय एकत्र वापरले तर पबमेड ते डावीकडून उजवीकडे क्रमाने सोडवते, त्यामुळे कंस विसरला की प्रश्नच बदलतो. शोध नेमका कसा वाचला गेला, हे पबमेडच्या प्रगत शोधाच्या पानावर दर शोधाच्या तपशिलात उलगडून दाखवलेले असते. तो तपशील उघडून पाहायला अर्धा मिनिट लागतो. मला विचाराल तर त्या पानाइतके शिकवणारे दुसरे काही पबमेडमध्ये नाही.

क्रम आणि गाळणी यांचेही असेच. २०२० पासून पबमेडचे निकाल आपोआप 'बेस्ट मॅच' या क्रमाने येतात. त्याआधी नव्यातले नवे वर असे. हा नवा क्रम यंत्राने शिकलेला आहे. आधीच्या वापरकर्त्यांनी काय उघडून पाहिले, लेख किती ताजा आहे, शब्द कुठे जुळतात, अशा गोष्टी तो जमेस धरतो. एखादा चांगला लेख पटकन हवा असेल तेव्हा तो खरोखर उपयोगी पडतो. पण अमुक विषयावर काहीच झालेले नाही, असे ठरवायला त्याचा आधार घेणे चूक आहे, कारण कमी वाचला गेलेला लेख त्यात मागे पडू शकतो, आणि भारतातल्या छोट्या नियतकालिकातला लेख बहुधा कमीच वाचला गेलेला असतो. गाळणीतला 'मानव' हा पर्याय निरुपद्रवी वाटतो. पण तो मेशच्या लेबलावर चालतो, आणि ज्या नोंदींना लेबलच नाही त्या माणसांवरच्या अभ्यासाच्या असल्या तरी गळून जातात. यावर अनुभवी ग्रंथपालांची युक्ती अशी, की मानवांवरचे ठेवा असे न म्हणता फक्त प्राण्यांवरचे म्हणून लेबल असलेले वगळा असे सांगायचे. वरवर दोन्ही एकच वाटतात, पण दुसऱ्या पद्धतीत बिनलेबलाच्या नोंदी यादीत टिकतात. पूर्ण लेख फुकट मिळणारेच दाखवा, ही गाळणी तर आपल्याकडे सर्रास लावली जाते, कारण नियतकालिकांची वर्गणी परवडत नाही. अडचण खरी आहे. पण लेख फुकट आहे की नाही, याचा त्यातल्या विज्ञानाशी काही संबंध नाही. यादी आधी पूर्ण करावी, लेख मिळवण्याची खटपट नंतर करावी.

एकच नोंद दोनदा येणे हेही वरवर किरकोळ वाटते. दोनतीन शोधकोशांतून याद्या आणल्या की तोच लेख पुन्हा पुन्हा येतो, तो काढून टाकावा लागतो. पण काही वेळा तीच चाचणी वेगळ्या शीर्षकाने, वेगळ्या लेखकक्रमाने छापलेली असते, आणि ते ओळखण्यासाठी शीर्षके जुळवण्यापलीकडे जावे लागते. मार्टिन ट्रामेर आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली ऑन्डान्सेट्रॉन या उलटीवरच्या औषधाच्या चाचण्या अशा तपासल्या. प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांपैकी १७ टक्के दुबार निघाल्या, रुग्णांच्या माहितीपैकी २८ टक्के दुबार होती, आणि त्यामुळे औषधाचा गुण २३ टक्क्यांनी जास्त दिसत होता. ज्या चाचण्यांत औषध जास्त गुणकारी दिसले होते, त्याच अधिक वेळा पुन्हा छापल्या गेल्या होत्या. दुबार नोंदी काढण्याचे कंटाळवाणे काम कुणीतरी डोळसपणे केले म्हणून हे उघड झाले.

यादी जपण्याचा प्रश्न यापुढे येतो, आणि तिथेही घोटाळे होतात. पबमेडच्या क्लिपबोर्डवर पाचशेपर्यंत नोंदी ठेवता येतात, पण आठ तास काही हालचाल झाली नाही की त्या जातात. शोधांचा इतिहासही तसाच पुसला जातो. विनामूल्य खाते उघडले तर शोध कायमचा साठवता येतो आणि त्यात नवी नोंद आली की ईमेलने सूचना मिळते. नोंदी फाइलमध्ये उतरवून झोटेरोसारख्या साधनात ठेवणेही सोपे आहे. पण उतरवलेली यादी त्या क्षणीच जुनी व्हायला लागते. कोविडच्या काळात २२ मे २०२० रोजी 'लॅन्सेट'मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विनविषयी एक मोठा अभ्यास छापून आला. तीन दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतला त्या औषधाचा भाग थांबवला. अभ्यासाची मूळ माहिती तपासायला मिळेना, तेव्हा ४ जूनला तो लेख मागे घेण्यात आला. पबमेडवर त्या नोंदीला आज ठळक इशारा आहे. मे महिन्याच्या अखेरीस कुणी आपल्या यादीत उतरवून ठेवलेल्या साध्या फाइलवर तो इशारा नाही. झोटेरो आता मागे घेतलेले लेख ओळखून सांगते, ही चांगली सोय आहे. तरी लेख छापायला देण्याआधी साठवलेला शोध पुन्हा चालवून पाहणे हा नियमच असायला हवा.

याद्या साचवत आणि पुन्हा तपासत राहण्याने किती फरक पडू शकतो, याचा हिशेब १९९२ साली जोसेफ लाउ आणि सहकाऱ्यांनी मांडला. हृदयविकाराच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या स्ट्रेप्टोकायनेजच्या ३३ चाचण्या त्यांनी कालक्रमाने एकत्र केल्या. १९७३ पर्यंत झालेल्या आठ चाचण्यांत एकूण २,४३२ रुग्ण होते, आणि औषधाने मृत्यू कमी होतात हे तेवढ्यानेच सिद्ध होत होते. त्यानंतर १९८८ पर्यंत आणखी २५ चाचण्यांत ३४,५४२ रुग्ण घेतले गेले, पण उत्तर फारसे बदलले नाही. नियंत्रित चाचणीत काही रुग्णांना औषध दिले जाते, काहींना दिले जात नाही. औषध न मिळालेल्या गटातली ती माणसे, ज्यांच्यासाठी उत्तर आधीच उपलब्ध होते, हा आकड्यांचा प्रश्न राहत नाही. माहिती एकत्र करण्याचे गणित तेव्हा नुकतेच घडत होते, हे मान्य. पण चाचण्या छापलेल्या होत्या. त्यांची एकत्र यादी करून ती अद्ययावत ठेवण्याचे काम कुणाच्याच जबाबदारीत नव्हते.

यावर पहिला आक्षेप वेळेचा आहे, आणि तो खरा आहे. बाह्यरुग्ण विभागात रांग लागली असताना कोणता डॉक्टर कंस तपासत बसेल? तशी अपेक्षाही नाही. समोरच्या रुग्णासाठी पटकन उत्तर हवे असते तेव्हा कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या ब्रायन हेन्स यांच्या गटाने तपासून बसवलेल्या गाळण्या पबमेडमध्ये तयार आहेत. त्यांत निदान, उपचार, रोगाची पुढची वाटचाल अशा प्रश्नप्रकारानुसार अरुंद किंवा रुंद शोध घेता येतो. माझा आग्रह दुसऱ्या प्रकारच्या शोधांसाठी आहे. जिथे त्या शोधाच्या जोरावर इतर माणसांवर प्रयोग होणार आहे, मार्गदर्शक तत्त्वे लिहिली जाणार आहेत किंवा 'या विषयावर पुरावा नाही' असे विधान छापले जाणार आहे, तिथे वेळ नाही हे कारण चालू नये. प्रयोगासाठी महिने मिळतात, मग शोधासाठी आठवडा मिळायला हवा.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. नियम केले की त्यांचे कागद होतात. कोक्रेनसारख्या गटांनी रुळवलेल्या पद्धतीत किती नोंदी मिळाल्या, किती गाळल्या, का गाळल्या याचा आराखडा लेखात द्यावा लागतो. असा आराखडा कमकुवत शोधाचाही भरता येतो आणि तो पाहून वाचक निर्धास्त होतो. हे घडते, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. तरीही लिहून ठेवलेला कमकुवत शोध निदान कमकुवत म्हणून दाखवून देता येतो. विंचवाचे जुने नाव त्यात नाही, हे वाचणारा लगेच सांगू शकतो. न लिहिलेल्या शोधाबद्दल कुणी काहीच म्हणू शकत नाही, आणि म्हणून तो कधीच सुधारत नाही.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता हे सगळे करील, असे तरुण मंडळी म्हणतात. यंत्राची मदत नाकारण्याचे कारण नाही. पबमेडची लेबले आणि क्रम दोन्ही आज यंत्रावरच चालतात, आणि हजारो सारांशांतून निरुपयोगी बाजूला काढायला यंत्रे चांगली मदत करतात. पण प्रश्न विचारताच सलग उत्तर लिहून देणाऱ्या साधनांनी अस्तित्वातच नसलेल्या लेखांचे संदर्भ दिल्याचे वारंवार नोंदवले गेले आहे. संदर्भ खरे असले तरी कोणत्या कोशात, कोणत्या तारखेला, कोणत्या शब्दांनी पाहिले आणि काय वगळले, हे त्या उत्तरात बहुधा नसते. तोच प्रश्न उद्या विचारला तर यादी वेगळी येऊ शकते. माणसाच्या शोधाला जी अट, तीच यंत्राच्या शोधाला लावली पाहिजे.

घरातल्या आजारासाठी पबमेड चाळणाऱ्या सामान्य वाचकाने एवढे ध्यानात ठेवावे, की एखादा लेख तिथे आहे म्हणजे ग्रंथालयाने त्याला प्रमाणपत्र दिले असे होत नाही. अभ्यास उंदरांवरचा आहे की माणसांवरचा, माणसे किती होती, लेख मागे घेतला गेला आहे का, हे पाहावे. प्रत्येक नोंदीखाली पीएमआयडी हा क्रमांक असतो. तो लिहून नेला तर डॉक्टरांना नेमका तोच लेख काढता येतो, आणि बोलणे 'मी कुठेतरी वाचले' यापाशी अडत नाही.

महाराष्ट्रात हे सुरू करायला सर्वांत सोयीची जागा म्हणजे एमडी, एमएसचे प्रबंध. प्रत्येकात पूर्वसंशोधनाचा आढावा असतोच. त्याला एका पानाचे परिशिष्ट जोडावे. कोणते कोश पाहिले, कोणत्या तारखेला, शोधाचे शब्द कंसांसह जसेच्या तसे, कोणत्या गाळण्या लावल्या, किती नोंदी मिळाल्या, दुबार किती काढल्या, किती वाचल्या आणि उरलेल्या कशासाठी सोडल्या, एवढेच त्यात असावे. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने प्रबंधाच्या नमुन्यात हे पान घालावे, आणि मौखिक परीक्षेत परीक्षकाने त्यातला एक शोध विद्यार्थ्यासमोर पुन्हा चालवून पाहावा.